टाळ्या एकाला, मत दुसऱ्याला

५ जुलै १९४५ च्या रात्री ब्रिटनभर मतपेट्या बंद झाल्या, त्यांना सील लागलं आणि त्या पोलिसांच्या पहाऱ्यात गेल्या. एरवी तिथं निकालाला एक-दोन दिवसांहून जास्त वेळ लागत नाही. या वेळी एक दिवस गेला, आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. पेट्या जागच्या जागी होत्या.

या तीन आठवड्यांपाशी मी आजही थबकतो. एका अख्ख्या देशानं कौल देऊन टाकला होता. फुल्या मारलेले कागद घडी घालून पेट्यांत पडून होते, पण ते वाचायची मुभा कुणालाच नव्हती. आणि ज्यांच्याबद्दलचा तो कौल होता ते विन्स्टन चर्चिल बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला स्टालिन आणि ट्रुमन यांच्यासमोर बसून युरोपची नवी मांडणी ठरवत होते. पंतप्रधान म्हणून बोलत होते, पंतप्रधान म्हणून अडून बसत होते. आपण पंतप्रधान उरलो आहोत की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते ठरून चुकलं होतं, फक्त कुलुपात होतं.

एवढी वाट पाहायची ती सैनिकांसाठी. इटलीत, जर्मनीत, इजिप्तमध्ये, ब्रह्मदेशात पसरलेल्या ब्रिटिश शिपायांना मत होतं आणि ते मोजल्याशिवाय निकाल लावायचा नाही असं ठरलं होतं. एकेका मताचा प्रवास डोळ्यांसमोर आणून पाहा. शिपायानं आधी एक कार्ड भरून मतदार म्हणून नाव नोंदवायचं. मग त्याच्या गावच्या मतदारसंघाची मतपत्रिका लिफाफ्यात घालून समुद्रापार त्याच्या पलटणीच्या मुक्कामी जायची. त्यानं फुली मारून लिफाफा चिकटवायचा आणि तो विमानानं परत यायचा. जिथून टपाल वेळेत पोचणं अवघड, तिथल्या शिपायाला घरच्या माणसाला मुखत्यार नेमता येत होतं. नवऱ्याचं मत बायकोनं टाकावं, मुलाचं बापानं. जवळपास २९ लाख सैनिकांची नावं नोंदली गेली आणि १७ लाखांच्या आसपास मतं पडली. जपानशी युद्ध अजून सुरू होतं. अशा वेळी सरकारनं विमानांतून मतपत्रिका वाहाव्यात आणि तीन आठवडे साऱ्या देशानं श्वास रोखून थांबावं, सैनिकाबद्दलच्या आदराचं यापेक्षा ठोस रूप मला तरी दुसरं दिसत नाही. जाता जाता सांगतो, उत्तरेकडच्या काही गिरणगावांत गिरण्यांची वार्षिक सुट्टी नेमकी त्या आठवड्यात आली होती, म्हणून तिथलं मतदान पुढच्या आठवड्यांवर ढकललं होतं. गिरणी कामगाराच्या सुट्टीचाही मान राखला गेला.

२६ जुलैला पेट्या उघडल्या. चर्चिल आदल्या दिवशी पॉट्सडॅमहून लंडनला परतले होते. ज्या नकाशाघरात पाच वर्षं आघाड्या सरकताना त्यांनी पाहिल्या, तिथंच निकाल मांडायची सोय केली होती. सकाळीच एकामागून एक जागा पडायला लागल्या. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. ६४० जागांपैकी क्लेमंट ॲटली यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा, आणि चर्चिल यांचा हुजूर पक्ष व त्याचे मित्र मिळून दोनशेच्या थोडं वर. संध्याकाळी चर्चिल राजवाड्यात जाऊन राजीनामा देऊन आले. त्यांच्या मागोमाग ॲटली आले, छोट्या घरच्या गाडीतून, आणि गाडी चालवत होत्या त्यांच्या पत्नी. दोन दिवसांनी पॉट्सडॅमच्या त्याच मेजावर ब्रिटनच्या खुर्चीत वेगळा माणूस येऊन बसला.

आता खरं नवल. त्याच वर्षी मे महिन्यात, जर्मनी शरण आला तेव्हा, ब्रिटनमधल्या लोकांना विचारलं होतं की पंतप्रधान म्हणून चर्चिल तुम्हाला पसंत आहेत का. शंभरातल्या ८३ जणांनी हो म्हटलं होतं. मेमध्ये ८३ टक्के पसंती आणि जुलैमध्ये दारुण पराभव. मधल्या दोन महिन्यांत चर्चिल यांनी काही युद्ध हरलं नव्हतं. मग ८३ चा आकडा खोटा होता, की लोक कृतघ्न होते?

दोन्ही नाही. आणि हे कसं, ते उलगडत जाताना लोकमत नावाची वस्तू किती घड्यांची असते ते दिसतं.

आधी तो आकडा काढतात कसा ते पाहू. शितावरून भाताची परीक्षा, ही आपल्या घरातली विद्या. पातेलं पावशेराचं असो की लग्नघरातलं मोठं तपेलं असो, भात शिजला की नाही हे पाहायला दोन-चार शितंच चिमटीत धरतात. तपेलं दहापट मोठं म्हणून कुणी दहापट शितं चेपून पाहत नाही. अट एकच, भात नीट हलवलेला हवा. नाहीतर वरची शितं कच्ची आणि तळ करपलेला. अमेरिकेत जॉर्ज गॅलप यांनी १९३६ साली हेच सिद्ध करून दाखवलं. एका नामांकित मासिकानं वीस लाखांहून जास्त लोकांची मतं टपालानं मागवून अध्यक्षीय निवडणुकीचं भाकीत केलं आणि ते साफ चुकलं, कारण त्यांचा भात हलवलेला नव्हता. नावं घेतली होती टेलिफोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांतून. गॅलप यांनी त्याच्या एका लहानशा अंशाएवढी माणसं निवडली, पण गरीब-श्रीमंत, शहरी-खेडूत, बाई-पुरुष असा मेळ राखून, आणि त्यांचं भाकीत खरं ठरलं. दुसऱ्या वर्षी या पद्धतीची शाखा ब्रिटनमध्ये निघाली. हेन्री ड्युरंट हे तिचे प्रमुख, आणि 'न्यूज क्रॉनिकल' हे वृत्तपत्र तिचे आकडे छापत असे. बॉम्ब पडत होते तेव्हाही तिची माणसं घराघरांत जाऊन प्रश्न विचारत होती. लंडन जळत असताना दारावर कुणी येऊन विचारावं की पंतप्रधानांबद्दल तुमचं मत काय, आणि घरच्या बाईनं उत्तर द्यावं, हे चित्र माझ्या मनातून हलत नाही.

जुलै १९४० ते मे १९४५ या पाच वर्षांत चर्चिल यांची पसंती एकदाही ७८ टक्क्यांच्या खाली गेली नाही. ज्यांनी असे आलेख पाहिले आहेत त्यांना हे किती दुर्मीळ आहे ते कळेल. युद्ध सुरू झालं की कुठल्याही देशात लोक नेत्याभोवती गोळा होतात. अमेरिकी अभ्यासक जॉन म्युलर यांनी १९७० साली या लाटेचा पद्धतशीर अभ्यास मांडला. ही लाट उसळते तशी ओसरते. कुवेतचं युद्ध जिंकल्यावर १९९१ मध्ये थोरले बुश ८९ टक्क्यांवर होते आणि पुढच्याच वर्षी निवडणुकीत त्यांना ३७ टक्के मतं पडली. धाकटे बुश सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ९० टक्क्यांवर गेले आणि २००८ मध्ये २५ पर्यंत खाली आले. त्या सगळ्या काळात अमेरिकेत घरोघरी सैनिकांसाठी पिवळ्या फिती बांधलेल्या होत्या, इराकच्या युद्धाला विरोध करणाऱ्यांच्या दारांवरही. व्हिएतनामहून परतलेल्या पोरांशी आपण नीट वागलो नाही ही बोच त्या समाजात खोल गेली होती, म्हणून नेत्याचा राग शिपायावर काढायचा नाही हे लोक शिकले होते.

चर्चिल यांची लाट मात्र ओसरलीच नाही, आणि तरी ते पडले. म्हणून मला हे प्रकरण बुशांपेक्षा कितीतरी जास्त विलक्षण वाटतं.

त्या आलेखातला सगळ्यात खालचा बिंदू जुलै १९४२ चा, ७८ टक्क्यांचा. आदल्या महिन्यात, २१ जूनला, लिबियातलं टोब्रुक पडलं होतं आणि तीस हजारांहून जास्त सैनिक जर्मनांच्या हाती कैद झाले होते. संसदेत चर्चिल यांच्यावर निंदाव्यंजक ठराव आला. २५ विरुद्ध ४७५ मतांनी तो फेटाळला गेला. पण त्याच महिन्यांत लोकांना दुसरा एक प्रश्नही विचारला जात होता: सरकार ज्या तऱ्हेनं युद्ध चालवतंय त्यावर तुम्ही समाधानी आहात का? त्याला हो म्हणणारे निम्म्याहूनही कमी होते. एकाच घरात, एकाच माणसाला, एकाच बैठकीत विचारलेले दोन प्रश्न. चर्चिल पसंत. त्यांचा कारभार नापसंत.

आपल्याला यात विसंगती वाटते, कारण आपण लोकमत म्हणजे एक रक्कम समजतो. पण वाण्याकडच्या खतावणीत एकाच गिऱ्हाईकाची निरनिराळी खाती असतात तसं माणसाच्या मनात असतं. एका पानावर कृतज्ञता, दुसऱ्यावर भरवसा, तिसऱ्यावर उद्याची चिंता. प्रश्न विचारणारा ज्या पानाबद्दल विचारतो तेवढं पान उघडतं. ८३ टक्क्यांनी कृतज्ञतेचं पान उघडून दाखवलं, ते अगदी खरं होतं. विजयाच्या दिवशी, ८ मेला, व्हाइटहॉलच्या सज्जातून चर्चिल गर्दीला म्हणाले की हा विजय तुमचा आहे, आणि खालून हजारो कंठांतून उत्तर आलं की नाही, तो तुमचा आहे. त्या गर्दीतल्या कितीतरी माणसांनी आठ आठवड्यांनी मजूर पक्षाला मत दिलं असणार, आणि दोन्ही वेळा ती माणसं मनापासून बोलत होती.

निवडणुकीचं पान वेगळं होतं आणि त्यावर काय लिहिलंय हेसुद्धा लपलेलं नव्हतं. पक्षाबद्दल विचारलं की १९४३ पासून मजूर पक्षच पुढे असायचा. पोटनिवडणुकांत सरकारी उमेदवारांना लोक पाडत होते. टोब्रुक पडल्यावर चारच दिवसांनी माल्डन इथं एक अपक्ष निवडून आला. ऐन मतदानाच्या तोंडावर 'न्यूज क्रॉनिकल'नं छापलं की मजूर पक्ष ४७ टक्के, हुजूर पक्ष ४१. प्रत्यक्ष निकाल याच्या अगदी जवळपास लागला. आणि तरीही संपादक, पुढारी, सट्टेवाले, खुद्द मजूर पक्षाचे लोक, बहुतेक सगळे चर्चिलच येणार असं धरून चालले होते. गर्दी डोळ्यांना दिसत होती, आकडा दिसत नव्हता. चर्चिल मोटारीतून दौऱ्यावर निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं दाटायची, बाया रडायच्या, मुलं खांद्यावर बसायची. हुजूर पक्षानं त्यांचा चेहरा असलेली भित्तिपत्रकं गावोगाव लावली आणि त्यांना काम पुरं करू द्या असं आवाहन केलं. मजूर पक्षाच्या लोकांनी एक छोटी घोषणा काढली, जिचा अर्थ असा: टाळ्या चर्चिलना, मत मजूर पक्षाला. लोकांच्या मनातली खतावणी त्या घोषणाकारानं उघडून वाचली होती असं मला वाटतं. या माणसाचं देणं मान्य आहे, ते टाळ्यांनी फेडा. मत हे देणं फेडायचं साधन नाही.

मग उद्याच्या पानावर होतं तरी काय? घर. बॉम्बनी लाखो घरं पाडली होती, तरुण जोडपी आईबापांच्या एका खोलीत राहत होती. त्याखालोखाल नोकरी. आणि डॉक्टरचं बिल. १ डिसेंबर १९४२ ला विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल निघाला. आजारपण, बेकारी, म्हातारपण, वैधव्य यांत कुणीही उघड्यावर पडू नये अशी विमा योजना त्यात मांडली होती. आकडेमोडीनं भरलेला सरकारी दस्तऐवज, तो विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या आणि त्याच्या सहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. चर्चिल यांचं म्हणणं, आधी युद्ध, बाकी नंतर. युद्ध चालवणाऱ्या माणसाचं ते बोलणं बरोबरच होतं. पण लोक दोन्ही गोष्टी एकदम करत होते. ते युद्ध लढत होते आणि लढता लढता त्यानंतरच्या घराचा नकाशाही काढत होते.

शिपायाच्या छावणीत तर हा नकाशा रोजच निघत होता. १९४१ पासून ब्रिटिश लष्करात चालू घडामोडींचा एक विभाग सुरू झाला होता. तो छोट्या पुस्तिका पाठवायचा आणि पलटणीतल्या तरुण अधिकाऱ्यानं आठवड्यातून एकदा आपल्या तुकडीला बसवून त्यावर चर्चा घडवायची. कल्पना करा, हुकूम मानायला शिकवलेल्या माणसांना गोलात बसवून विचारायचं की देश कसा असावा! बेव्हरिज अहवालाचा सारांश असलेली पुस्तिका युद्ध खात्यानं घाईघाईनं मागे घेतली. शिपायांच्या डोळ्यांत त्यामुळे ती जास्तच भरली. कैरोत सैनिकांनी स्वतःची नकली संसद भरवली, पक्ष पाडले, निवडणूक घेतली. तीत मजूर पक्ष पहिला आला आणि हुजूर पक्ष शेवटचा. काही दिवसांत वरिष्ठांनी ती संसद बंद केली. ती फेब्रुवारी १९४४ मधली निवडणूक होती. खऱ्या निवडणुकीला अजून सतरा महिने होते.

शिपायाच्या मनात आणखी एक आठवण होती, त्याच्या बापाची. १९१८ साली पहिलं महायुद्ध जिंकून देणारे लॉइड जॉर्ज यांनी परतणाऱ्या वीरांना साजेशी घरं देऊ असं सांगितलं होतं. घरं पुरेशी झाली नाहीत आणि पुढे बेकारी आली. पदकं लावलेली माणसं रस्त्याच्या कडेला काडेपेट्या विकताना या पिढीनं लहानपणी पाहिली होती. सैनिकाला पाठिंबा म्हणजे काय, हा प्रश्न या ठिकाणी येऊन एकदम खराखुरा होतो. मोजे विणून पाठवणं हा पाठिंबा, आणि ब्रिटिश बायांनी ते ढिगानं विणले. १९४४ मध्ये 'सैनिकाला सलाम' आठवडे साजरे करून गावोगावच्या लोकांनी सरकारला बचतीचे पैसे दिले, तोही पाठिंबा. पण पलटणीतला पोरगा घरी येईल तेव्हा त्याला खोली आणि काम मिळेल ना, असं ज्या आईनं मतदानाच्या दिवशी मनाशी म्हटलं आणि मजूर पक्षापुढे फुली मारली, तिच्या दृष्टीनं तीही सैनिकालाच पाठिंबा देत होती. चर्चिल यांच्याविरुद्ध मत देऊन तिनं चर्चिल यांच्या सैनिकाची बाजू घेतली. ॲटली स्वतः पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढलेले. ज्या मोहिमेची कल्पना चर्चिल यांनी उचलून धरली होती आणि जी फसली, त्या किनाऱ्यावरून अगदी शेवटी निघालेल्यांत ते होते. त्यामुळे सैनिक कुणाच्या बाजूचा, असा प्रश्न मतदाराला पडतच नव्हता.

यातून एक दंतकथा पसरली की चर्चिलना त्यांच्याच सैनिकांनी पाडलं. ती ऐकायला नाट्यमय आहे, पण हिशेब करून पाहू. सैनिकांच्या मतांचा वेगळा निकाल जाहीर झाला नाही. एकूण मतं पडली अडीच कोटींच्या आसपास. मजूर पक्षाला जवळपास १ कोटी २० लाख, हुजूर पक्ष आणि मित्रांना १ कोटीच्या आत-बाहेर. सैनिकांची मतं १७ लाख. समजा, अगदी अशक्य गोष्ट धरली की सतराच्या सतरा लाख मजूर पक्षाला गेली, आणि ती सगळी वजा केली, तरी मजूर पक्षाकडे १ कोटी ३ लाख उरतात. म्हणजे तरीही तो पुढेच. सैनिक बहुतांशी मजूर पक्षाकडे झुकले होते हे खरं, पण पराभव घरच्यांनी आणि आघाडीवरच्यांनी मिळून केला. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना पत्रं लिहीत होते, तेव्हा नवल वाटायला नको.

इथवर आलो की मला त्या पातेल्याकडे परत वळावंसं वाटतं. भात नीट हलवलेला होता, पण पातेलं होतं केवढं?

आलेखातल्या त्या सर्वांत खालच्या बिंदूपाशी, टोब्रुकच्या तटबंदीच्या आग्नेय भागात, जिथं जर्मन हल्ला आदळला तिथं मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कोकण-देशावरची पोरं. रणगाडे त्यांच्यावरून गेले. जे वाचले ते कैदी झाले. चर्चिल यांची पसंती ७८ वर आणणाऱ्या बातमीत ही पोरं होती. त्यांना कुणी कधी विचारलं नाही की पंतप्रधान तुम्हाला पसंत आहेत का.

आणि आलेखाच्या दुसऱ्या टोकाला, विजयाच्या महिनाभर आधी, ९ एप्रिल १९४५ ला, इटलीत सेनिओ नदीवर त्याच रेजिमेंटची पहिली बटालियन होती. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव तिच्यात शिपाई. नदीचे दोन्ही काठ बांधासारखे उंच, त्यांत सुरुंग पेरलेले आणि मशिनगनांची घरटी. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे सुरक्षित जागी नेलं. परत येऊन एकट्यानं मशिनगनांवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब फेकले, संपले तेव्हा मागे जाऊन आणखी आणले. मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हात करून पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच ब्रिगेडमध्ये रॉयल वेस्ट केंट ही ब्रिटिश पलटण खांद्याला खांदा लावून लढत होती. जुलैमधल्या निवडणुकीत वेस्ट केंटच्या शिपायाला मत होतं. मराठा शिपायाला नव्हतं.

त्याच नगर जिल्ह्यात, अहमदनगरच्या किल्ल्यात, ऑगस्ट १९४२ पासून नेहरू, पटेल, आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीतले त्यांचे सहकारी कोंडून ठेवले होते, आणि ठेवणारं सरकार चर्चिल यांचंच. सातारा जिल्हा हा पलटणीत पोरं पाठवणारा जिल्हा. अपशिंगे गावातून तर एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले. तोच सातारा १९४३ नंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा जिल्हा झाला. पोराची मनीऑर्डर येत होती त्याच गावांतून भूमिगतांना भाकरी पोचत होत्या. तिथल्या आईला पलटणीतला मुलगा जिवापाड होता आणि ज्यांच्या हुकमानं तो लढत होता त्या सरकारचं राज्य उलथावं असंही वाटत होतं. तिची खतावणी लंडनच्या बाईपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची होती, आणि ती उघडून पाहायला कुणी आलं नाही. बंगालात १९४३ साली लाखो माणसं भुकेनं मेली. त्यांचा रकाना त्या ८३ टक्क्यांत कुठंच नाही. चर्चिल यांच्या लोकप्रियतेचा आकडा सांगताना तो ब्रिटनमधल्या घरांत काढलेला आहे, एवढं तरी आपण सांगितलंच पाहिजे असं मला वाटतं.

ज्यांना मत नव्हतं त्यांचंच आयुष्य त्या मतानं सगळ्यात जास्त बदललं हे मात्र खरं. ॲटली यांच्या सरकारनं २० फेब्रुवारी १९४७ ला भारत सोडण्याची मुदत जाहीर केली. दुसऱ्या बाजूला, ज्या कारणासाठी ब्रिटिश आयांनी फुल्या मारल्या होत्या ती सर्वांसाठीची मोफत आरोग्यसेवा सुरू झाली ती तारीख होती ५ जुलै १९४८. मतदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं होत होती.

चर्चिल यांना त्यांच्या डॉक्टरांनी निकालानंतर म्हटलं की लोक कृतघ्न निघाले. चर्चिल यांनी ते मान्य केलं नाही. लोकांनी फार सोसलंय, असं ते म्हणाले. वुडफर्ड या त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात मोठ्या पक्षांनी त्यांच्यासमोर उमेदवारच दिला नव्हता, सन्मान म्हणून. एक अपक्ष शेतकरी उभा राहिला होता. चर्चिल यांना २७,६८८ मतं पडली आणि त्या कुणालाच माहीत नसलेल्या शेतकऱ्याला १०,४८८. दहा हजार माणसं केंद्रात जाऊन, जग वाचवलेल्या माणसाचं नाव वाचून, त्याच्याखालच्या नावापुढे फुली मारून आली. मला त्या दहा हजारांशी एकदा बोलायला आवडलं असतं.

चर्चिल परत आले. २५ ऑक्टोबर १९५१ च्या निवडणुकीत, वयाच्या ७६ व्या वर्षी, ते पुन्हा पंतप्रधान झाले, आणि त्या वेळी तर मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा मतं जास्त होती आणि जागा कमी. त्याच दिवशी, २५ ऑक्टोबर १९५१ लाच, हिमाचलमधल्या चिनी नावाच्या तालुक्यात बर्फ पडायच्या आत स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान सुरू झालं. मग हिवाळाभर ते देशभर पसरत गेलं. टोब्रुकहून कैदेत गेलेले आणि सेनिओ ओलांडून आलेले जे कुणी घरी परतले होते, त्यांच्याही हातात मतपत्रिका आली. मतदान केंद्रात एक पेटी नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपली पेटी ओळखता यावी. त्या पोलादी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत, विक्रोळीला बनल्या होत्या.